काकवीसाठी प्रमाणपत्र

पाटस,
५ डिसेंबर १९९९

डॉ. करुणा हिस,
सप्रेम जय भीम.

पत्र पाहून तू म्हणशील, दाजींना फोन करता येत नाही का. फोन केला होता. मी पहिलं वाक्य पुरं करायच्या आत "कुत्रीला काय लावलंत?" म्हणून तू ओरडलीस आणि बूथवाला माझ्याकडे बघून हसायला लागला. म्हणून लिहितो. पत्रात माणसाला शेवटपर्यंत बोलता येतं.

तर विषय काकवीचा. वरवंडच्या आबांनी दिवाळीत आम्हाला कुत्रीचं पिल्लू दिलं, हे तुझ्या अक्कानं तुला कळवलं असेलच. आबा आपली मेंढरं घेऊन कारखान्यामागच्या रानात बसायला यायचे, तेव्हापासूनची आमची ओळख. आता मेंढरं विकून ते उसाला लागले, पण कुत्र्यांची पैदास त्यांनी मोडली नाही. पिल्लाचा रंग थेट उसाच्या काकवीचा, म्हणून हे नाव. तुझ्या अक्कानंच ठेवलं.

पिल्लू देखणं आहे, पण रोगट निघालं. पोटावर आणि जांघेत, जिथं केस नसतात तिथं, मोहरीएवढे पिवळे फोड. फुटले की खपली धरते. ही खरूज आहे हे सांगायला डॉक्टर लागत नाही. मी कारखान्याच्या गॅरेजमधून जळकं ऑईल आणून सबंध अंगाला चोपडलं. तरी फरक नाही.

आता तुझ्याकडे एकच काम. तू मोठी जनावरांची डॉक्टर होऊन निवृत्त झालीस, तर आपल्या लेटरहेडवर चार ओळी लिहून पाठव: "या कुत्रीस संसर्गजन्य खरूज असून तिला मनुष्यवस्तीत ठेवणे योग्य नाही." खाली सही. कारण सांगतो. आबांच्या घराची एक रीत आहे. दिलेल्या पिल्लाचे ते पैसे घेत नाहीत, पण पिल्लू अंगानं भरलं की एकदा स्वतः बघायला येतात. नीट ठेवलं नसेल तर उचलून परत नेतात आणि त्या घराची पायरी पुन्हा चढत नाहीत. ऊस तुटून गेला की येतो म्हणालेत. तुझा कागद हाती असला तर मला त्यांना तोंड दाखवता येईल.

घरात सर्वांचं एकमत आहे. तेव्हा वाद घालू नये.

तुझा,
बबनराव दाजी

ता. क. लेटरहेड संपली असल्यास नुसता शिक्का चालेल.


शिरूर,
९ डिसेंबर १९९९

दाजी,
जय भीम.

प्रमाणपत्र मिळणार नाही. न तपासलेल्या जनावराला मी उभ्या नोकरीत कधी औषध लिहून दिलं नाही, हद्दपारी कशी लिहून देईन?

मुंबईच्या कॉलेजात आमच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. सर विचारायचे, बाईमाणसाला बैल धरता येईल का? मी बैल धरले, रेडे धरले, एकदा लाथ खाऊन दात घालवला. पण माणूस जळक्या ऑईलचा डबा घेऊन निघाला की त्याला धरता येत नाही. प्रत्येक गावात असा एक शहाणा भेटतो. आमच्या घरातही आहे, हे आज कळलं.

तुम्ही खाजेबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. खरूज झालेलं पिल्लू क्षणभर गप्प बसत नाही. कानाच्या कडा आणि कोपरं खाजवून रक्त काढतं. तुमच्या काकवीला पोटावर पुवाचे फोड आहेत. लहान पिल्लांत हे नेहमी होतं. कातडीवर जंतू एरवीही असतातच. पिल्लाची कातडी पातळ, त्यात ओल, घाण, पिसवा, पोटात जंत, असं काही निमित्त झालं की ते वाढतात आणि पू धरतात. माणसांच्या पोरांच्या गुडघ्यांवर फोड येतात, त्यातलाच प्रकार. त्यासाठी पोराला कुणी मनुष्यवस्तीबाहेर ठेवत नाही.

आता जे सांगते ते आजच्या आज करा. भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी घेऊन ते ऑईल धुवून काढा. कुत्री स्वतःला चाटते, म्हणजे तुम्ही तिला रोज ऑईल पाजत आहात. कोरडी पुसा आणि वरवंडच्या जनावरांच्या दवाखान्यात न्या. ते तिचं वजन करतील, कातडी खरवडून काचेवर बघतील, मग गोळ्या देतील. पत्रातून डोस मी देणार नाही. फोड हातानं फोडायचे नाहीत. कुणी "एका इंजेक्शनात साफ करतो" म्हणाला तर तिथून उठून यायचं. तिला हात लावला की साबणानं हात धुवायचे, एवढी काळजी माणसांना पुरते.

ती झोपते कशावर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कळवा.

आणि सर्वांचं एकमत म्हणजे कुणाकुणाचं? तुमच्या घरात दोनच माणसं आहेत. अक्काचं मत मला अक्काच्या अक्षरात हवं.

करुणा


पाटस,
२४ डिसेंबर १९९९

डॉक्टरीणबाईंस,
सप्रेम जय भीम.

तुझ्या हुकमाप्रमाणे सर्व केलं. ऑईल धुताना माझा एक शर्ट कायमचा गेला. वरवंडच्या डॉक्टरांनी कातडी खरवडून बघितली, काचेवर खरजेचा किडा दिसला नाही. तू जिंकलीस, माझं अभिनंदन स्वीकार. त्यांनी तीन आठवड्यांच्या गोळ्या आणि आंघोळीचं औषध दिलं. पाचव्या दिवशी पोट असं स्वच्छ झालं की विचारू नकोस. मग मी औषध थांबवलं. बऱ्या झालेल्या जनावराच्या घशात गोळ्या कोंबायचं मला काही कारण दिसेना.

झोपायचं विचारलंस. राजाच्या घरी मिळणार नाही अशी गादी आहे. कारखान्याचा ताजा बगॅस, पिळलेल्या उसाचा मऊ भुसा, चांगला वीतभर जाड. याच कारखान्यानं मला स्टोअरकीपर म्हणून आयुष्यभर पोसलं. त्याच्या भुशानं कुत्रीला काय होणार?

असो. आता हा विषय संपलेला आहे. काकवीला एका सुरक्षित ठिकाणी दिली. माणसं चांगली आहेत. कॉलनीत कुत्रं म्हणजे कटकट, फरशीवर पाय, शेजाऱ्यांना त्रास. आम्हा दोघांचंही वय झालं.

फक्त एक सहज विचारतो. परवा बघितलं तर मांडीच्या आतल्या अंगाला पुन्हा काही उमटलंय. या वेळी फोड थोडे, पण गोल कडी जास्त, कडेनं सालपट सुटल्यासारखी. ते काय असतं? माहितीसाठी फक्त.

आबा यायच्या आत प्रमाणपत्राचं बघशील तर उपकार होतील. "खरूज" शब्द चालत नसेल तर दुसरा घाल.

तुझा,
बबनराव दाजी


शिरूर,
२८ डिसेंबर १९९९

दाजी,

पत्र वाचून मी आधी उठून एक चक्कर मारून आले. बसून लिहिलं असतं तर हे टपालखात्यानं पोचवलं नसतं.

तीन आठवड्यांच्या गोळ्या म्हणजे तीन आठवड्यांच्या गोळ्या. पाचव्या दिवशी वरची कातडी मिटते. आतले जंतू अर्धे मेलेले असतात आणि अर्धे जिवंत. जे जिवंत राहतात ते चिवट असतात, पुढं तीच गोळी त्यांना लागू पडेलच असं नाही. फोड दिसेनासे झाल्यावरसुद्धा आठवडाभर औषध चालू ठेवायचं असतं. ती गोल कडी म्हणजे फुटलेल्या फोडांची वण धरलेली जागा. दुखणं परत आलं आहे आणि तुम्ही ते आणलं आहे.

आणि तुमची गादी! बगॅस वरून कोरडा लागतो. त्यात हात खुपसून बघा. आत गरम आणि ओला असतो, साखरेचा अंश असतो, माश्या बसतात, बुरशी धरते. त्यावर उघड्या पोटाचं पिल्लू झोपवायचं आणि पोटाला फोड का आले म्हणून मला विचारायचं. कारखान्यानं तुम्हाला पोसलं, मान्य. कारखान्यावर तुम्ही झोपत नव्हता. तो भुसा आजच्या आज काढून टाका. जुनं गोणपाट घाला, रोज कडक उन्हात वाळवा, दोन असू द्या, एक वाळेपर्यंत दुसरं.

पण तुमच्याकडे आता कुत्रीच नाही. "सुरक्षित ठिकाणी" दिलीत. आजारी, औषध अर्धं सोडलेलं पिल्लू दुसऱ्याच्या गळ्यात मारलंत आणि त्याला सुरक्षित म्हणता! मला नवल वाटत नाही. लग्नात अक्काबरोबर शेळी आली होती, ती तुम्ही वर्षाच्या आत विकलीत. तुम्हाला प्रिय तुमची फरशी आणि तुमचे इस्त्रीचे कपडे. शेजाऱ्यांना त्रास म्हणे. शेजाऱ्यांच्या तोंडाकडं बघून आपल्या दारातलं जनावर काढणारा माणूस आमच्या घरात असावा, याची मला लाज वाटते.

ती कुठं आहे, कुणाकडं आहे, पत्ता कळवा. औषध मी स्वतः पोचवीन.

करुणा


पाटस,
३ जानेवारी

करुणा, अक्काचा जय भीम.

तू माझं मत माझ्या अक्षरात मागितलंस म्हणून लिवती. हे आज त्यांच्या दोस्ताकडं, पोपट भावजींकडं गेल्यात. माझं अक्षर तुला लागलं का न्हाई ठाव न्हाई. सातवीनंतर पाटी धरली न्हाई.

पैलं म्हंजी एकमत काय न्हाई. मला कुणी इचारलंच न्हाई. पोरं पुण्याला गेल्यापासनं सकाळी दार उघडायचं ते कुणासाठी, असं झालं हुतं मला. तू म्हणायचीस, अक्का कुठंतरी मन रमव. काकवी आली आन् मी कडी काढायच्या आत भायेरनं तिची नखं वाजायला लागली. एवढ्यासाठी मी उठत हुती.

दुसरं, ह्यांनी तुला खरं कारण लिवलं न्हाई. शेजारच्या सोजराबाईच्या नातवाच्या गुडघ्याला फोड हायत. दसऱ्यापासनं हायत. काकवी आली दिवाळीत. तरी नळावर साऱ्या बायांसमोर मला म्हणली, "पार्वतीबाई, तुमच्या कुत्रीनं आमच्या पोराला दिलं. तुमच्या लोकांच्या घरात असलं काय न काय असायचंच." माझी घागर अर्धी भरली हुती. मी म्हणलं, "अवं, पोराला तर दसऱ्यापासनं हाय. तवा कुत्री कुठं हुती?" तर म्हणती, "कुत्री नव्हती, पर तुमी तर शेजारी हुताच की." बाया हसल्या.

हे वट्ट्यावर पेपर वाचत हुते. त्यांनी ऐकलं. लई येळ पान उलटलं न्हाई. दुसऱ्या दिवशी ते ऑईल घेऊन आले.

तू सांगितल्यावर दवाखान्यात नेली, बरी झाली. तवर कॉलनीच्या मीटिंगीत सोजराबाईच्या मालकानं इषय काढला. साऱ्या कॉलनीत आमचं एकच घर तसलं, तुला म्हाइत हाय. हे तिथंबी काय बोलले न्हाईत. सकाळी काकवीला पिशवीत घालून लुनावर गेले आन् एकटे आले. म्हणले, वरवंडच्या अलीकडं धाब्यावर सोडली, तिथं खायला मिळतं. जेवायला बसले. भाकरी मोडली आन् तशीच ठिवली. लुना काढली. दिवेलागणीला आले, हात मोकळे. म्हणले, "नेली कुणीतरी." पर बनियनला तिच्या आंघुळीच्या औषधाचा वास येत हुता.

तवापासनं रोज फिरायला म्हणून जात्यात. पिशवीत दूधभाकरी असती. पोपट भावजींच्या उसातल्या मोटरखोलीत ठिवलीय तिला. मला समजलंय हे त्यांना समजलेलं न्हाई. तू बोलू नको. माणूस रोज चोरून कुत्रीला आंघूळ घालतो आन् घरी येऊन फरशी चांगली ऱ्हायली म्हणतो.

आन् ती शेळी इकली ती माझ्या पैल्या बाळंतपणात, रक्त चढवायला. तुझं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं. घडी घालून डब्याखाली ठिवलं.

तुझी अक्का


शिरूर,
७ जानेवारी २०००

दाजी,
जय भीम.

मागच्या पत्रातलं शेळीचं वाक्य खोडून टाका. मला ते लिहायचा अधिकार नव्हता.

बाकीचं सांगते. मला कुणी काही कळवलेलं नाही. पण रागात वाचलेलं तुमचं पत्र मी पुन्हा शांतपणे वाचलं. काकवीला देऊन टाकली म्हणता आणि पुढं लिहिता, "परवा बघितलं तर." मांडीच्या आतल्या अंगाची कडी तुम्हाला दिसली, म्हणजे तुम्ही तिला उलटी करून, मांडीवर घेऊन बघितलंत. देऊन टाकलेल्या कुत्रीला कुणी असं बघत नाही. तुम्ही रोज जाता. जिथं जाता ती जागा ओलसर असणार, नाहीतर दुखणं इतक्या लवकर उलटलं नसतं. उसाच्या आसपास असेल असा माझा अंदाज आहे.

ती लपवावी का लागली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लिहू नका. मीही गावोगाव फिरून नोकरी केली आहे. म्हैस अडली की माझ्यासाठी बैलगाडी पाठवायचे. रेडकू सुटलं की अंगणातल्या दगडावर वेगळा काढलेला तांब्या यायचा. कोपरापर्यंत हात त्यांच्या म्हशीच्या पोटात चालायचा, तांब्याला लागलेला चालायचा नाही. तो तांब्या मी कधी उचलला नाही. तहानलेली परत यायची. तेव्हा कुणी काय म्हणालं असेल हे मला तुम्ही सांगायची गरज नाही.

पण दाजी, राग त्यांचा असू द्या, शिक्षा कुत्रीला कशाला? आणि अक्काला कशाला? तुम्ही काकवीला झाकून ठेवलीत, म्हणजे काहीतरी झाकण्यासारखं होतं असंच सगळे म्हणणार.

तिला घरी आणा. दवाखान्यातून गोळ्या पुन्हा लिहून घ्या, मधे औषध तुटलं होतं हे त्यांना न लाजता सांगा. एक दिवसाआड सकाळी आंघोळ, मागच्या मोरीत नाही, पुढच्या दारात. फेस करून औषध दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचं, मग धुवायचं. त्या दहा मिनिटांत येणारे जाणारे बोलतीलच. तुम्हीही बोला. तुम्हाला बोलता येतं, मला माहीत आहे, मला प्रत्येक पत्रात टोमणे मारता.

कुणाच्या पोराला गुडघ्यावर फोड असतील तर त्याला माणसांच्या डॉक्टरकडं न्यायला सांगा. त्याचंही बरं झालं पाहिजे.

करुणा


पाटस,
१९ जानेवारी २०००

चि. करुणास,
जय भीम.

कुणाच्या पोराचे गुडघे म्हणतेस? मी तर पोराचं एक अक्षर लिहिलं नव्हतं. मोठी गुप्तहेर झालीस! तुझ्या अक्काला मी काही म्हणालो नाही. तीही मला काही म्हणाली नाही. मी काकवीला घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा तिच्या हातात दोन गोणपाटं तयार होती, उन्हात वाळवलेली.

धाब्याचं तुला कळलंच असेल. तिला तिथं बाजेच्या पायाला बांधून मी लुना चालू केली. ती भुंकली नाही. दोरी ताणून माझ्याकडं बघत राहिली, मी काहीतरी विसरलोय आणि आत्ता वळेन अशी. जेवताना तेच डोळ्यांपुढं आलं. एवढंच.

माझं सांगतो. मी कारखान्यात लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवलं, आपल्याला कुणी नाव ठेवायला जागा द्यायची नाही. पांढरा शर्ट, बिनचूक हिशोब, स्वच्छ घर. कपाटाला एक बोट लावून बघ, धूळ मिळणार नाही. एवढं करून निवृत्तीनंतर नळावर एक बाई सहज म्हणते, तुमच्या लोकांच्या घरात असायचंच. करुणा, मला तिचा राग आला नाही. मला त्या फोडांचा राग आला. वाटलं, एवढं सांभाळलं आणि या कुत्रीनं जागा दिली. म्हणून ऑईल, म्हणून धाबा. तू मला शेळीवरून बोललीस त्याचं काही नाही. या गोष्टीवरून बोलायला हवं होतंस.

आता पहिल्या आंघोळीचं ऐक. रविवार, नळाला पाणी आलेलं, साऱ्या बाया तिथं. मी पुढच्या दारात स्टूल टाकून बसलो, काकवी फेसात पांढरी झालेली. सोजराबाई घागर घेऊन थांबल्या.

"आणली का परत?"

"आणली."

"आन् पोरंबाळं हायत कॉलनीत, त्याचं काय?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं. बाई, तुमच्या नातवाला दसऱ्याला झालं, कुत्रीला दिवाळीनंतर, मग कुणी कुणाला दिलं? रात्रभर घोकलं होतं. पण नातू आजीचा पदर धरून तिथंच उभा होता, गुडघ्याला कळकट चिंधी बांधलेली. ते वाक्य त्याच्या अंगावर गेलं असतं. मी म्हणालो, "सोजराबाई, ती चिंधी सोडा. आत पू कोंडतो. पोराला आजच डॉक्टरला दाखवा."

"तुमी कोण आमाला सांगणार?"

"शेजारी," मी म्हणालो. "दसऱ्यालाही शेजारीच होतो की आम्ही. तुम्हीच म्हणालात."

या वेळी कुणी हसलं नाही. सोजराबाईंची घागर भरून वाहत होती, नळ बंद करायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. मी अजून फेस धुतला नव्हता. दहा मिनिटं व्हायची होती.

नातवाला दवाखान्यात नेलं असं कळतं. आमच्याशी बोलणं बंद आहे. असू दे.

गोळ्या चालू आहेत. तुझी अक्का पेढ्यात घालून देते, ते तू वाचलं नाहीस असं समज.

बबनराव


शिरूर,
७ फेब्रुवारी २०००

दाजी,
जय भीम.

काल तुमच्याकडून निघाल्यावर चौफुल्याला गाडी चुकली, पण त्याचं दुःख नाही. काकवीला मी नखशिखांत बघितलं. पोट, जांघा, काखा, कानाच्या कडा. एकही फोड नाही, कडी पुसट होत आली आहेत, केस धरू लागले आहेत. पेढे बंद. भाकरीच्या तुकड्यात गोळी जाते.

तुम्ही डिसेंबरपासून मागत होता ते सोबत पाठवत आहे. दाराला लावा. आबा येतील त्यांना दाखवा, आणि मीटिंगीतल्या लोकांनाही.

"प्रमाणपत्र. पाटस येथील श्री. बबनराव यांची कुत्री काकवी, मादी, वय अंदाजे पाच महिने, मी स्वतः तपासली. तिला खरूज कधीही नव्हती. पुवाच्या फोडांवर योग्य उपचार झाले असून त्वचा स्वच्छ आहे. तिच्यापासून कोणासही रोग झालेला नाही. ती ज्या घरात राहते ते घर व तेथील माणसे स्वच्छ व निरोगी असून त्यांच्यापासूनही कोणास रोग झालेला नाही. डॉ. करुणा, पशुधन विकास अधिकारी, निवृत्त."

शिक्का दोन ठिकाणी मारला आहे.

करुणा


पाटस,
१३ फेब्रुवारी २०००

करुणास,
जय भीम.

तुझा कागद मिळाला. वाचून मला बरं वाटलं. मी कचेरीतला माणूस, मला शिक्का दिसला की बरं वाटतं. लगेच पुठ्ठ्यावर चिकटवला, हातोडी आणि खिळा घेऊन दाराशी गेलो. तुझी अक्का आतून आली, म्हणाली, वाचून दाखवा. मी वाचला. तिनं शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग माझ्या हातातनं हातोडी काढून घेतली.

"आपल्या दारावर आपुनच लिवायचं, की आमी निरोगी हाय? सोजराबाईच्या दारावर हाय का असला कागद? साऱ्या कॉलनीत कुणाच्या दारावर हाय?"

मी म्हणालो, अगं, करुणानं एवढं लिहिलंय.

म्हणाली, "करुणाला रागात सुचलं ते तिनं लिवलं. तुमाला रागात सुचलं ते तुमी ऑईल लावलं. आता दोघंबी गप बसा."

परवा आबा येऊन गेले. दारातच बसले. काकवीला उलटी केली, पोटावरनं हात फिरवला, तोंड उघडून दात बघितले. मी सगळं खरं सांगितलं, फोड, ऑईल, धाबासुद्धा. आबांनी तिचे कान पुन्हा चाचपले. मग म्हणाले, "धाब्यावरनं परत आणली न्हवं? मग झालं. च्या ठिवा वैनी." तिला नेली नाही. दोन कप चहा पिऊन गेले. कागद मी त्यांना दाखवला नाही.

तो आता टेबलावर पडलाय. काय करू, कळव.

बबनराव


शिरूर,
१६ फेब्रुवारी २०००

दाजी,

अक्काचं बरोबर आहे. ती शेवटची ओळ लिहिताना मला वाटलं, मी त्यांना ठणकावून सांगते आहे. ज्यांनी मला वेगळा तांब्या दिला त्यांच्यापुढं मी स्वतःच्या हातानं लिहून दिलं की आम्ही स्वच्छ आहोत, तपासून घ्या. आता मला माझाच संताप येतो आहे आणि या वयात तो कुठं ठेवायचा कळत नाही.

कागद फाडून टाका. खिळा ठोकला असेल तर काढा.

गोळ्या मात्र रविवारपर्यंत बंद करायच्या नाहीत.

करुणा